कवटीच्या डब्यातला गूळ

आमच्या गावात घराघरांतल्या फळीवरच्या डब्यांवर मी स्वतःच्या हातानं मरणाचं चित्र काढलं, आणि त्याबद्दल माझ्यावर चांगला शेरा मारण्यात आला.

त्या वर्षी दुष्काळ सरला, पाऊस झाला, ज्वारी गुडघ्याला लागली आणि तिच्यामागोमाग अळी आली. (दुष्काळात तीही उपाशीच राहिली असणार. तिची भूक समजण्यासारखी होती.) गावच्या सोसायटीत कीडनाशक पावडरीचे डबे येऊन पडले. ही पावडर अळीला लागावी, माणसाला लागू नये, एवढं बघायला सोसायटीनं मला हंगामी सहायक म्हणून घेतलं. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. तालुक्याचे साहेब हंगामाच्या शेवटी येऊन काम बघणार आणि त्यांचा शेरा चांगला पडला तर मी कायम होणार, असं ठरलं होतं. आमच्या घरात अळीपेक्षा त्या शेऱ्याचीच चर्चा जास्त होती.

घरात आम्ही तिघं. मी, आई आणि तात्या. तात्या म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेल्यावर त्यांनीच मला शिकवलं. माझ्या फीसाठी त्यांनी विडी सोडली, चहा सोडला, गूळ मात्र सोडला नाही. उलट चहात जायचा तो गूळ ते आता कोरडाच खात. आई डबा लपवायची आणि तात्या तो शोधून काढायचे. आमच्या घरात संशोधनाची परंपरा होती ती एवढीच.

तालुक्याच्या गावी, भूमला, दोन दिवसांचं शिबिर झालं. तोंडाला फडकं बांधावं, वाऱ्याकडं पाठ करून धुरळावं, काम चालू असताना तंबाखू खाऊ नये, नंतर हात साबणानं धुवावेत, औषध मूळ डब्यातच ठेवावं, रिकामा डबा ठेचून पुरावा, कातडीवाटेही विष आत जातं म्हणून औषध अंगाला लागू देऊ नये. मी नियम पाठ केले आणि गावात पारावर उभा राहून एका दमात म्हणून दाखवले. लोकांनी शांतपणे ऐकलं. शंका विचारा म्हटल्यावर आमच्या शेजारच्या गोदाक्का उठल्या.

"ते समदं खरं हाय बाबा. पण रिकामा डबा कुणाला देनार?"

"कुणालाच नाही! पुरायचा!"

"एवढा घट्ट झाकनाचा डबा पुरायचा? माणसं पुरतेत, डबा कुठं पुरतेत व्हय?"

सभा हसली आणि माझं व्याख्यान तिथंच संपलं. सकाळी न ठेचताच पुरलेले डबे दुपारी गोदाक्कांच्या चुलीपाशी घासूनपुसून उपडे घातलेले दिसले. एकात तर डाळ भरायची तयारीही चालली होती!

तेव्हा मला एक युक्ती सुचली. (शिकलेल्या माणसाला सुचतेच. त्यातूनच पुढचं सगळं होतं.) लाल रंग आणला आणि प्रत्येक भरल्या-रिकाम्या डब्यावर कवटी आणि दोन हाडं काढून टाकली. चित्रकला मला बेताची, त्यामुळं माझी कवटी जरा हसल्यासारखी यायची. पण मेलेला माणूस हसतोय म्हटल्यावर लोक जास्तच भ्यायले. एकानंही त्या डब्याला हात लावला नाही. मी कृतार्थ झालो.

आठ दिवसांनी आईनं एक कोरा करकरीत डबा माझ्यापुढं ठेवला.

"नामा, ह्याच्यावर तसलं भूत काढून दे."

"ह्यात काय आहे?"

"गूळ."

"आई! ते विषाचं चिन्ह आहे. खाण्याच्या वस्तूवर काढत नसतात."

"खानाऱ्याला कळलं न्हाय म्हंजी झालं," आई तात्यांच्या बाजेकडं बघत म्हणाली.

मी अर्धा दिवस नकार दिला. नंतर आईनं बिनगुळाचा चहा पुढं ठेवला आणि मी रंगाचा ब्रश उचलला. गूळ महिनाभर टिकला! ही बातमी आईनं फक्त गोदाक्कांना सांगितली, म्हणजे गावाला सांगितली. मग बाया डबे घेऊन दारात यायला लागल्या. कुणाचं तूप, कुणाच्या शेंगा, कुणाची लेकीच्या बाळंतपणासाठी जपलेली खारीक.

"माझ्या जरा दात काढून काढ," एक म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्याला लई जवळ गेल्याबिगर दिसत न्हाय."

नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. शिवाय अहवालात लिहायला वाक्य झकास झालं. 'गावातील प्रत्येक घरी धोक्याचे चिन्ह ठळकपणे लावण्यात आले आहे.' यातला एकही शब्द खोटा नव्हता. साहेब ते वाचून इतके खूश झाले की हंगाम संपायच्या आधीच येतो म्हणाले.

त्या दिवशी सकाळी मी दोनदा अंघोळ केली आणि इस्त्रीचा सदरा घातला. साहेबांसमोर घामट दिसू नये म्हणून कोनाड्यातला अंगाला लावायच्या पावडरीचा डबा उचलून गळा, मान, काखा, सगळीकडं भरपूर पावडर चोपडली. वास कसला तो आला नाही, कारण सर्दी झालेली, आणि दोन महिने कीडनाशकात वावरून नाक तसंही कामातून गेलेलं. (तोंडाला फडकं बांधायचा नियम मी लोकांना सांगायचो. सांगताना तोंड मोकळं लागतं.)

साहेब आले. तीन घरं बघितली. प्रत्येक फळीवर माझ्या लालभडक कवट्या ओळीनं हसत होत्या. साहेबांचा चेहरा मात्र उतरत चालला.

"अहो, एवढं विष एकेका घरात? शेत किती आहे यांचं?"

"साहेब, जागृती आहे," मी मान खाजवत म्हणालो.

चौथं घर आमचं. आईनं चहा टाकला. साहेबांनी पहिला घोट घेतला, आणि तेवढ्यात आईनं कवटीच्या डब्यात मूठ घालून माझ्या चहात खडा टाकला! साहेबांच्या हातातली कपबशी थेट तात्यांच्या पायावर.

"बाई! काय घातलंत चहात?"

"गूळ हाय सायेब. तुमच्याबी चहात त्योच हाय."

"कवटीच्या डब्यात गूळ?"

"समद्या गावात हाय," आई अभिमानानं म्हणाली. "आमच्या नामानंच काढून दिलंय."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. माझी नोकरी मला दारातून बाहेर जाताना दिसली.

"मग विष कुठं आहे?" साहेबांनी हळू आवाजात विचारलं.

"ते म्या कवटीच्या डब्यातनं कवाच काढलं," आई म्हणाली. "भावजींना आता म्हाईत झालंय, कवटी असली की आत गोड असतंय. चुकून हात घातला तर? म्हनून बिनकवटीच्या डब्यात भरलं."

तात्यांनी कृतज्ञतेनं मान हलवली. विचार बिनचूक होता. माझ्या पदवीला त्यात चूक काढता येईना.

"कुठल्या डब्यात?" मी मान, गळा आणि आता काखाही खाजवत विचारलं.

"त्या कोनाड्यातल्या, अंगाच्या पावडरीच्या. झाकनाला भोकं हायत न्हवं का, बाजंच्या ढेकनांवर भुरभुरायला बरं पडतं."

माझे डोळे चुरचुरत होते ते सर्दीनं नाही, हे मला तेव्हा कळलं.

"कातडीवाटेही विष आत जातं! नियम सातवा!" मी ओरडलो. एवढ्या गडबडीतही क्रमांक चुकला नाही.

"कपडे काढा आधी!" साहेब गरजले.

पुढच्या दोन मिनिटांत मी अंगणात चड्डीवर उभा होतो आणि सगळं गाव जमलं होतं. पारावरच्या माझ्या व्याख्यानाला याच्या निम्मेही लोक आले नव्हते! गोदाक्का तेलाची वाटी घेऊन धावत आल्या.

"तेल नको!" साहेबांनी हात आडवा घातला. "तेलानं विष जास्त भिनतं. साबण आणि पाणी!"

घागरींवर घागरी रिकाम्या झाल्या. साहेब माझ्या पाठीवर बोट ठेवून एकेक नियम सांगत होते, आणि तात्या साबण चोळत होते. चोळता चोळता ते रडायलाच लागले.

"लेका, चहा सोडला, विडी सोडली... आता गूळबी सोडतो. पर तू काय मरू नगंस!"

जवळच्या वाशी गावच्या डॉक्टरांनी दिवसभर ठेवून घेतलं आणि वेळेवर धुतलं म्हणून निभावलं, असं सांगून सोडलं. गावानं मात्र त्याच संध्याकाळी खरे-खोटे सगळे डबे चावडीपुढं आणले. खाण्याच्या डब्यांवरच्या कवट्या बायांनी राखेनं घासून काढल्या आणि विषाचे डबे कुणी न सांगता ठेचून पुरले.

शेरा आला. 'सहायकाने स्वतःच्या अंगावर प्रात्यक्षिक करून दाखविले. परिणाम उत्कृष्ट.' मी कायम झालो.

आमच्या घरात आता कवटीचा एकच डबा उरलाय. त्यात आईनं माझं पदवीचं प्रमाणपत्र गुंडाळून ठेवलंय. आत विष नाही, म्हणून ती कवटी पुसून टाकावी असं मी एकदा सुचवलं. तेव्हा तात्या गुळाचा खडा चघळत म्हणाले, "ऱ्हाऊ दे. साऱ्या गावात तेवढ्या एकाच डब्यावर ती बरुबर हाय."