कमरेचा पाना

आमच्या घरातल्या कर्त्या बाईच्या कमरेला किल्ल्या असत. थोरल्या काकीच्या कमरेला पाना असे. किल्ल्या तिच्याकडे कधी आल्याच नाहीत. थोरले काका काविळीने लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे आजीच्या हातून त्या थेट माझ्या आईकडे गेल्या. काकीकडे राहिला तो काकांच्या ट्रॅक्टरचा पाना. बदलापूरच्या आमच्या सोनिवलीत तिला सगळे ‘पान्याची काकी’ म्हणत. आता ती नाही. घरात तिचा फोटोही कुणी लावलेला नाही, म्हणून मीच हे लिहायला बसले आहे.

काकांच्या माघारी ट्रॅक्टर माझे वडील चालवत. टाकीतलं डिझेल बघायला ते काठी बुडवत आणि काठीचं टोक जेमतेम ओलं झालं तरी म्हणत, “चालंल अजून.” पंप लांब हायवेला, आणि डबा घेऊन जायचा यांना कंटाळा. मग भाताच्या ऐन चिखलणीत ट्रॅक्टर आचके देऊन थांबायचा. डिझेलचं इंजिन असं कोरडं पडलं की नळ्यांत हवा शिरते. नुसतं डिझेल ओतून भागत नाही, आधी ती हवा काढावी लागते. ते काम काकांनी एकट्या काकीला शिकवलं होतं. बांधावरून “वैनी, या जरा” अशी हाक आली की ती हातातलं भांडं तसंच ठेवून निघायची. एरवी त्या घरात तिला हाक मारायचं कुणाला काही कारण पडत नसे.

ती आधी पदर खोचायची. फिल्टरवरचा बारका बोल्ट सैल करून शेजारचा हातपंप अंगठ्याने दाबत बसायची. आधी नुसता फेस यायचा, बुडबुडे फुटायचे. “पोटात वारा धरल्यावर माणूस तरी जेवतो का? याचं बी तसंच हाय,” असं म्हणत ती दाबत राहायची. फेस जाऊन डिझेलची सलग धार लागली की बोल्ट आवळायचा. मग इंजिनावरच्या नळ्यांचे नट सैल करून वडिलांना सांगायची, “भाऊजी, मारा सेल.” ते स्टार्टर फिरवायचे आणि नळ्यांच्या तोंडातून डिझेल उडायचं, तिच्या तोंडावर, लुगड्यावर. नट आवळले की ट्रॅक्टर काळा धूर सोडून धडधडायला लागे, आणि काकी हसायची. मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच.

एकदा विटांची खेप घेऊन निघालेला ट्रॅक्टर उल्हासनगरच्या बाजारात भर रस्त्यात कोरडा पडला. मी काकीबरोबर रिक्षाने गेले. मागे गाड्यांची रांग, हॉर्न, शिव्या. समोरच्या दुकानातला सिंधी शेठ वडिलांना म्हणाला, “अरे साईं, मिस्त्री बुलाओ. ये बाई क्या करेगी?” काकी म्हणाली, “शेठ, जरा बाजूला व्हा. कपडे खराब होतील.” ट्रॅक्टर चालू झाला तेव्हा त्याच शेठने तिला दुकानात खुर्ची दिली आणि थंड पाणी मागवलं. वडील मात्र हसून म्हणाले, “हमारी भाभी है. ऐसा छोटा मोटा काम आता है उसको.” पाण्याचा पेला तिने न पिताच परत केला. वडिलांच्या त्या हसण्याचा मला अजूनही राग येतो.

घरी आल्यावर तिच्या हाताला वास येतो म्हणून आई तिला पिठाला हात लावू देत नसे. ती ओट्यापासून लांब बसून जेवायची. माझ्या भावाने, नीलेशने, हवा काढायला शिकव म्हणून तिच्या मागे लकडा लावला होता. नेमका बोल्ट सैल करायची वेळ आली की ती त्याला सांगायची, “जा, फडकं घेऊन ये.” तो फडकं घेऊन येईपर्यंत काम उरकलेलं असे. सगळे तिला हेकट म्हणत. एकदा मोरीत ती राखेने हात घासत होती तेव्हा मीच विचारलं, त्याला का शिकवत नाहीस. ती म्हणाली, “बाय, यांना शिकवलं तर मला हाक कोण मारंल?”

पुढे आमची निम्मी जमीन नव्या इमारतींसाठी गेली आणि दारात नवा ट्रॅक्टर आला. वडिलांची सवय नीलेशने उचलली होतीच. नव्या कंपाउंडच्या भिंतीजवळ हा ट्रॅक्टरही एक दिवस कोरडा पडला. ते आचके काकीने परसातून ओळखले आणि कुणी हाक मारायच्या आत ती पाना घेऊन उन्हातून निघाली. मी तिच्या मागे होते. नीलेशने डब्यातलं डिझेल ओतलं, किल्ली अर्धी फिरवून थोडा थांबला, आत काहीतरी घुरघुरलं, आणि ट्रॅक्टर चालू झाला. “काकी, याला नाय लागत ते. आपोआप होतं. तू कशाला आलीस उन्हात?” तो वाईट मनाने बोलला नव्हता. काकी म्हणाली, “बरं झालं.” मग ट्रॅक्टरचं कोरं बॉनेट तिने पदराने उगाचच पुसलं.

त्या दिवाळीनंतर वडिलांनी तिला बदलापुरातच नदीकाठच्या मांजर्लीत तळमजल्यावर एक खोली घेऊन दिली. “तुला निवांत राहता येईल,” म्हणाले. निवांत. उल्हास नदीचं पाणी दर मोठ्या पावसात कुठवर चढतं, हे बदलापुरात जन्म काढलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं म्हणायचं.

पुढच्याच पावसाळ्यात पाणी चढलं. काकीने घरी फोन केला, “उंबऱ्याला लागलंय.” अशा पाण्यात रिक्षा चालत नाही, ट्रॅक्टर चालतो, इतर घरांचे ट्रॅक्टर माणसं काढायला गेलेही होते. आमचा शेडमध्ये उभा राहिला. नव्या इंजिनात पाणी शिरलं तर, असं वडील म्हणाले आणि नीलेशने ट्रॅक्टरची किल्ली परत खुंटीला लावली. मी अंबरनाथला ऑफिसात अडकले होते. काकीला शेजाऱ्यांनी उचलून वरच्या मजल्यावर नेलं.

पाणी ओसरल्यावर मी गेले. खोलीभर गाळ होता आणि ती भिजलेल्या पान्याला खोबरेल तेल लावत बसली होती. पुराच्या दिवशी छातीत बसलेला कफ पुढे तिला घेऊनच गेला.

“नीलेशचा ट्रॅक्टर बंद पडला होता का गं?” तिने विचारलं.

त्या ट्रॅक्टरची हवा काढावी लागत नाही, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी मी म्हणाले, “हो काकी. डिझेल संपलं. हवा धरली होती.”

तिने पान्यावरचं जादा तेल पदराने पुसून काढलं.

“मग मला हाक मारायची ना,” ती म्हणाली.