मळीचे ठसे

साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की मला माझी पहिली प्रकल्पवही आठवते. गावाकडचं कॉलेज सोडून कोल्हापूरला दुसऱ्या वर्षाला आलो, तर खिडकीवरचे क्लार्क म्हणाले, "सक्तीच्या पर्यावरण विषयाचे श्रेयांक न्हाईत. प्रकल्पवही दाखवा, न्हाईतर प्रवेश न्हाय." वही तर घरातून केव्हाच हरवली होती. तेवढ्यात सोबत आलेल्या वडिलांनी डब्याच्या पिशवीतून ती हळूच काढली. आभारात त्यांचं नाव होतं, म्हणून ते ती कारखान्यात कामावर सगळ्यांना दाखवत होते. पानापानावर मळीच्या बोटांचे ठसे होते. क्लार्कनी वही नाकाशी नेली. "पावणं, अख्ख्या कारखान्यानं वाचलीया की!" "व्हय, आता तुमी वाचा," वडील म्हणाले. क्लार्क मोठ्यानं हसले आणि शिक्का मारला. परवा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प छापताना मी एक प्रत जास्तीची काढली, कारखान्यासाठी.