केसपेपरवर मी सांगितलेलं खोटं

"सबड्युरल हिमॅटोमा," असं म्हणून डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. कवटीच्या आत, मेंदूच्या वर रक्त साचलं होतं आणि ते मेंदूला एका बाजूला ढकलत होतं. मला फिल्ममधलं काही कळलं नाही. डॉक्टरांचा चेहरा मात्र कळला. "कवटी उघडून रक्त काढावं लागेल, आत्ताच. वाचतील असा शब्द मी देत नाही," ते म्हणाले. मी सही केली. मांडीचं हाडही मोडलं होतं, पण तिकडे बघायला त्या दिवशी कोणाला सवड नव्हती.

हे माझे यजमान, प्रभाकर. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी लग्नात उखाण्यात घेतलं ते शेवटचं. अकोल्याच्या त्या दवाखान्यात मात्र प्रत्येक खिडकीवर घ्यावं लागलं. नाव तेवढं खरं सांगितलं, बाकी खोटं. त्या खोट्याबद्दलच लिहायला बसले आहे, कारण उद्या अशी वेळ आली तर तुम्हीही नेमकं तेच खोटं बोलाल अशी मला भीती वाटते.

आम्ही पातूरजवळच्या एका गावचे. भाजी आणि झेंडू पिकवतो, बाजारात मी विकते. लेक वैशाली शेंदूरजनाघाटला दिलेली, संत्र्याची बाग असलेल्या घरी. तिची पहिली दिवाळी होती. तिचे सासरे, म्हणजे आमचे व्याही, स्वतःची पिकअप भरून वाशीमला माल घेऊन निघाले होते. सुनेला वाटेत तुमच्याकडे पोचवतो म्हणाले. वैशालीला रस्ता ठाऊक होता, तरी व्याह्यांना मानानं आणायचं म्हणून हे मोटारसायकल घेऊन फाट्यावर गेले आणि पिकअपच्या पुढे पुढे वाट दाखवत निघाले. व्याह्यांचा फोन वाजला. त्यांनी खाली बघितलं, आणि पिकअप मागून यांच्या गाडीवर गेली. वैशाली शेजारी बसलेली होती. स्वतःचा बाप उडाला ते तिनं समोरच्या काचेतून पाहिलं.

दवाखान्यात आत घेतल्याबरोबर तिथल्या डॉक्टरबाईंनी लिहिता लिहिता विचारलं, "अपघात कसा झाला?"

व्याही भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या शर्टाला यांचं रक्त लागलेलं. वैशालीची वाचा बसली होती. मी एकदा लेकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "जनावर आडवं आलं, गाडी घसरली."

मला हे कोणी शिकवलं नव्हतं. व्याह्यांनी हात जोडले नव्हते, कोणी डोळ्यांनी खुणावलंही नव्हतं. बाजारात दोन मिरच्यांसाठी तासभर तोंड वाजवणारी मी बाई, पण लेकीचं सासर समोर उभं राहिलं की आमची जीभ आपोआप वळते. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. तिच्या सासऱ्याला पोलीस घेऊन गेले तर तिनं कोणत्या तोंडानं त्या घरात भाकरी थापायची? आपलेच दात, आपलेच ओठ.

अपघाताची केस ही एमएलसी असते. मेडिको-लीगल केस, म्हणजे जिची खबर दवाखान्याला पोलिसांत द्यावीच लागते. थोड्या वेळानं एक हवालदार आले. त्यांनाही मी तेच सांगितलं आणि खाली सही केली. व्याही सगळं ऐकत होते.

ऑपरेशन साडेतीन तास चाललं. क्रेनिओटॉमी, म्हणजे कवटीचा तुकडा कापून आतलं रक्त काढणं. नंतर सहा दिवस हे आयसीयूत. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा पाच मिनिटं आत सोडत. बाकी वेळ मी बाहेरच्या बाकावर, आतून कोणाचं नाव पुकारतात याकडे कान लावून. नाव पुकारलं की औषध आणायचं असतं, किंवा वाईट बातमी असते. आमच्या शेजारच्या बाकावरच्या म्हातारीला चौथ्या दिवशी आत बोलावलं आणि तिची पिशवी बाकावर तशीच राहिली. त्या दिवशी मी देवाला म्हटलं की हात ने, पाय ने, पण माणूस ठेव. माझ्याशी खोटं बोलणाऱ्यांना मी कधी उधार देत नाही, आणि स्वतः खोटं बोलून देवाकडे मात्र उधार मागत होते.

सातव्या दिवशी यांनी डोळे उघडले. मांडीत रॉड बसवला. डावा हात लुळा पडला होता. दहाव्या दिवशी तोंडातून पहिलं सरळ वाक्य निघालं, "मले काय झालं?"

व्याही खाटेच्या पायथ्याशी होते, हातात संत्र्यांची पिशवी. मी म्हटलं, "गाडी घसरली तुमची. जनावर आडवं आलं."

डॉक्टरांनी नंतर समजावलं. याला रेट्रोग्रेड ॲम्नेशिया म्हणतात. डोक्याला मार लागण्याआधीचा थोडा काळ पुसला जातो आणि बहुतेक वेळा तो परत येत नाही. "तुम्ही जे सांगाल तेच त्यांना हळूहळू आठवल्यासारखं वाटेल," ते म्हणाले. त्यांनी हे सहज सांगितलं होतं.

तसंच झालं. महिन्याभरात हे जनावराचा रंगही सांगायला लागले. तांबडी गाय होती म्हणे.

तीस वर्षं या माणसानं भाजीच्या गोण्या लादून मोटारसायकल चालवली, एकदा घसरला नाही. आता खाटेवर पडून एकच म्हणायचा, "पोरगी पयल्या दिवाळीले आली आन् म्या तिच्यापुढं गाडी पाडली. तुया जल्माचं वाटोळं केलं म्या. माफ कर मले." मी म्हणायचे, "जाऊ द्या, केलं माफ." रोज. कधी दिवसातून दोनदा. माफ केलं म्हटलं की त्यांना झोप लागायची, म्हणून मीही म्हणत गेले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा.

पुढच्या व्यायामासाठी आम्ही अमरावतीला नणंदेकडे राहायला आलो. फिजिओथेरपी, म्हणजे मेंदू विसरला ते हातापायांना परत शिकवणं. तिथले व्यायाम घेणारे सर दोन आठवड्यांनी मला बाजूला घेऊन म्हणाले, "पायात ताकद आहे, पण ते उभं राहायचंच नाही म्हणतात. असंच राहिलं तर स्नायू आखडतील. मग मी काही करू शकणार नाही." घरी मी यांना विचारलं. म्हणाले, "उभा राहून काय करू? आनखी कोनाले पाडू?"

माझ्या त्या एका वाक्यानं हा माणूस पिकअपपेक्षा जास्त मोडला होता.

व्यायामाच्या हॉलबाहेर थांबणाऱ्यांत एक वकीलबाई होत्या, त्यांच्या आईला अर्धांगवायू झाला होता. रोजची ओळख. एकदा त्यांनी विचारलं, "दावा दाखल केला का?" मी म्हटलं, घसरून पडलेल्याचा कसला दावा? म्हणताना रडू फुटलं आणि सगळं खरं सांगून टाकलं.

त्यांनी डोक्याला हात लावला. म्हणाल्या, "अहो ताई, भरपाई व्याह्यांच्या खिशातून जातच नाही. पिकअपचा विमा असतो ना? थर्ड पार्टी, म्हणजे त्या गाडीनं दुसऱ्याला इजा झाली तर विमा कंपनी देते. त्यासाठीच तो सक्तीचा आहे. मोटार अपघात न्यायाधिकरण म्हणून वेगळं कोर्टच आहे."

मला हे माहीत नव्हतं. मी व्याह्यांना पोलिसांपासून वाचवायला निघाले होते, आणि विमा कंपनीकडून मिळणारी भरपाई घालवून बसले होते.

पण वकीलबाईंनी गोड गोड सांगितलं नाही. व्याह्यांवर गुन्हा नोंदला जाईल, जामीन मिळतो, तरी कोर्टाच्या फेऱ्या चुकणार नाहीत. आणि कंपनीचा वकील सगळ्यात आधी पहिला केसपेपर काढेल. "तिथं तुमच्याच तोंडचं वाक्य आहे. आधी एक आणि मग दुसरं सांगितलं तर कोर्ट पहिल्यावर जास्त विश्वास ठेवतं. तरीही नव्यानं जबाब द्या. का खोटं बोललात तेही सांगा. आणि मुलीची साक्ष लागेल. उशीर करू नका, मुदत असते."

म्हणून तुम्हाला सांगते. अपघातानंतर आत नेल्यावर जो कोणी पहिल्यांदा विचारेल त्याला झालं तसंच सांगा, समोर कोणीही उभं असो. गाडीचा नंबर लिहून ठेवा, जागेचे फोटो कोणालातरी काढायला लावा. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधाची चिठ्ठी, काही फेकू नका. आणि सही करण्याआधी वाचा. आपण कोणाला वाचवतोय आणि कशापासून, हे एकदा जाणत्या माणसाला विचारा.

मी वैशालीला फोन केला. साक्षीचं सांगितलं. ती म्हणाली, "आई, मी रोज तेच पायते. जेवताना पायते. मामंजी बी नीट जेवत नाई. मीच सांगतो त्यायले." दुसऱ्या दिवशी व्याह्यांचा फोन आला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा ते मुद्द्याचं बोलले. "इहीनबाई, मी येतो पोलिस ठान्यात. तवाच याले पाह्यजे होतं."

ते खरोखर आले. दावा अजून चालू आहे. कंपनी म्हणते, हे नंतर रचलेलं आहे. काय होईल ते वकीलबाईंनाही सांगता येत नाही. लेकीच्या सासूनं माझ्याशी बोलणं टाकलं आहे.

पण पोलिसांकडे जाण्याच्या आदल्या दुपारी मला आधी यांना सांगायचं होतं. नणंद बाहेर गेली होती. हे खाटेवर बसलेले, उशीला टेकून. मी समोर बसले आणि फाट्यापासून सगळं सांगितलं. पिकअप, फोन, डॉक्टरबाईंचा प्रश्न, माझं उत्तर.

"गाय?" त्यांनी विचारलं.

"गाय नोती. जनावरच नोतं कोन्तं."

"म्हंजे म्या गाडी पाडली नाई?"

"नाई. तुमी आपल्या बाजूनं सरळ चालले होते."

त्यांनी उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मंग इतके दिवस तू मले कशाची माफी देऊन राह्यली होती?"

मी त्यांचे पाय धरले आणि म्हणाले, "आता तुमी मले माफ करा."

"नाई करत," ते ओरडले. "जाय इथून!"

मी उठून दाराबाहेर आले. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला होता. पायरीवर बसून मी खूप रडले, आणि रडता रडता माझ्या जीवात जीव आला.