डांबर सोडायचं नाही

आमची लेक पाण्याची इंजिनिअर आहे. युद्ध थांबलेल्या एका परदेशी शहरात फुटलेल्या पाइपलाइनी जोडायच्या आणि लोकांच्या नळाला पाणी आणायचं, हे तिचं काम. शहराचं नाव लिहायचं नाही असं तिनं बजावलंय, म्हणून लिहीत नाही. अडीच वर्षं ती घरी आली नव्हती. दर फोनला "पुढच्या महिन्यात येते" म्हणायची आणि पुढच्या महिन्यात तिथे आणखी एक पंप बंद पडायचा. शेवटी मी ठरवलं, आपणच जायचं आणि तिला कानाला धरून बडोद्याला घेऊन यायचं.

यातला दुसरा भाग मी तिला सांगितला नाही. नवऱ्यालाही सांगितला नाही, कारण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. बडोद्याजवळ छाणीला ओळखीच्या एका गृहस्थांचा पंपांचा छोटा कारखाना आहे. तिथे तिच्यासाठी जागा आहे का, हे मी गुपचूप विचारून ठेवलं होतं. पंपच दुरुस्त करायचे ना, मग छाणीत कर. संध्याकाळी घरी येऊन गरम पोळी खा.

आम्ही येतो म्हटल्यावर लेकीनं फोनवर आधी तारखा विचारून घेतल्या. मग म्हणाली, "या, पण आधी मी एक यादी पाठवते. आठवडाभर बडोद्यातच ती पाळून दाखवा. जमलं तर निमंत्रणाचं पत्र पाठवीन."

"आईबापांची परीक्षा घेतेस?"

"तुझ्याकडूनच शिकले ने," ती म्हणाली. मी सगळा जन्म शाळेत गणित शिकवलं.

यादीत चौदा कलमं होती. डांबरी रस्ता सोडायचा नाही. गवतात, मातीत, पडक्या घरात पाऊल टाकायचं नाही. जमिनीवरची कुठलीही वस्तू उचलायची नाही. पट्टी बांधलेली असेल तर तिच्या पलीकडे जायचं नाही. पुलाचे आणि सैनिकांचे फोटो काढायचे नाहीत. पासपोर्ट, औषधं, पाण्याची बाटली आणि बॅटरी एका पिशवीत भरून ती कायम हाताशी ठेवायची. भोंगा वाजला की दोन मिनिटांत तळघरात. आणि शेवटी, खास माझं नाव घालून: "आईनं कोणालाही, तुमच्या घरी कोण कोण असतं, असं विचारायचं नाही." आता हे मी नाही विचारायचं, तर मग माणसाशी बोलायचं तरी काय?

आमच्या नागरवाड्यात पहिलं कलम पाळायचं म्हणजे आधी डांबर शोधायला हवं. आमच्या गल्लीत एकदा गॅसवाले खणून जातात, मग गटारवाले, मग पुन्हा गॅसवाले. उरलेल्या डांबराच्या एका पट्ट्यावरून आम्ही दोघं एकामागे एक, हात पसरून, भाजी आणायला निघालो. चौकाच्या अलीकडे त्या पट्ट्यावर गाय बसलेली. मातीत उतरायचं नाही म्हणून आम्ही पंधरा मिनिटं गायीच्या मर्जीची वाट पाहत उभे. भाजीवाली आपली लारी ढकलत आमच्यापर्यंत आली आणि तिनं वर "तब्येत तो सारी छे ने?" असंही विचारलं.

भोंग्याची तालीम नवऱ्यानं केली, म्हणजे भोंगा तोच झाला. सकाळी मी पोहे परतत असताना तो बाथरूममधून जो काही ओरडला, त्यानं शेजारच्या गुजराती भाभी हातात लाटणं घेऊन धावत आल्या. "शुं थयुं बेन? कुकर फाट्यो?" आम्ही जिन्याखाली बसलेले. तिथं तळघर नाही, पण सायकल आणि जुने डबे आहेत. भाभी पण आत येऊन बसल्या. पिशवी तपासली तर पासपोर्टाऐवजी नवऱ्यानं लीलो चेवडो भरलेला. "तळघरात किती वेळ बसावं लागेल, काय सांगावं?" असं त्याचं म्हणणं. पोहे करपले, म्हणून तिघांनी चेवडाच खाल्ला.

खरी भीती मात्र तिसऱ्या कलमाची होती. नवरा रेल्वेच्या कारखान्यात होता. रस्त्यात नट, बोल्ट, वॉशर, काहीही लोखंडी दिसलं की तो वाकतो. "कामाला येईल," म्हणतो. आमच्या घरी अशा कामाला येणाऱ्या वस्तूंचे अकरा डबे आहेत आणि त्यातलं आजवर काही कामाला आलेलं नाही. लेक म्हणाली, "आई, बाबांनी इथे एकदा जरी असं काही उचललं ने, तर संपलं. मी गंमत करत नाहीये."

तिनं भाभींना परस्पर फोन करून सापळा लावला होता. मंगळवारी आमच्या दारासमोर एक चकचकीत पितळी नट पडलेला. नवरा थांबला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग वाकला नाही, पण बुटानं तो नट हळूहळू घराकडे सरकवू लागला. भाभी खिडकीतून ओरडल्या, "पकडाया!" मी शून्य मार्क दिले आणि त्याच दुपारी त्याच्या सगळ्या पँटींचे खिसे शिवून टाकले. रुमाल ठेवायलाही जागा उरली नाही. पण उरलेले दिवस तो हात पाठीमागे बांधून चालला, आणि रविवारी आम्ही दोघं पास झालो. मी पास होणार हे गृहीतच होतं. माझी परीक्षा कोणी घेतलीच नाही.

त्या शहरात पोचलो तेव्हा लेक घ्यायला आली होती. वाळली होती. मिठी मारल्यावर तिच्या पाठीची हाडं हाताला लागली आणि छाणीचा बेत माझ्या मनात आणखी पक्का झाला. शहर अर्धं उभं, अर्धं पडलेलं. खिडक्यांना काचांऐवजी फळ्या ठोकलेल्या. एका इमारतीची पुढची भिंतच नव्हती, आणि तिसऱ्या मजल्यावर एक बाई शांतपणे कपडे वाळत घालत होती. मला तिला हाक मारून खूप काही विचारायचं होतं. मी जीभ चावली.

लेकीनं तिच्या ऑफिसजवळच्या एका लहान हॉटेलात आमची खोली घेतली होती. खोली मागच्या बाजूची, रस्त्याकडे खिडकी नसलेली. मालकीणबाईंनी तळघराचा जिना दाखवला, दोघांच्या गळ्यात एकेक शिट्टी अडकवली आणि हॉटेलभोवतीचे कुठले रस्ते मोकळे आहेत ते नकाशावर हिरव्या पेनानं आखून दिलं. नवरा तर आदर्श विद्यार्थी निघाला. हात मागे, नजर समोर. रस्त्याच्या कडेला लोखंडाचे ढीग पडलेले, जन्मभर पुरतील एवढे, आणि हा डोळे मिटून पुढे जायचा. मी दर दहा पावलांना त्याला बजावायची, "अहो, डांबर सोडायचं नाही!"

रोज संध्याकाळी लेक जेवायला आली की मी छाणीचा विषय काढायची. ती "बघू" म्हणायची आणि भात कालवायची.

चौथ्या दिवशीची गोष्ट. मी घरून पितळेचा छोटा गणपती नेला होता आणि तीन दिवस त्याला फूल मिळालं नव्हतं. आता बडोद्यात आम्हा सकाळी फिरणाऱ्या बायकांचा एक अलिखित कायदा आहे. कंपाउंडवरून जे फूल बाहेर डोकावतं, ते देवाचं. आत असलेलंही, हात पोचत असेल तर, देवाचंच. मी तीस वर्षं अशीच फुलं आणतेय आणि तिला चोरी म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही. त्या दिवशी सकाळी नवरा दाढी करत होता तेव्हा मी एकटीच हिरव्या पेनाच्या रस्त्यानं फिरायला निघाले. कोपऱ्यावर एक पडका बंगला. आत झुडपावर लालभडक फुलं. पुढे लाल-पांढरी पट्टी बांधलेली. आमच्याकडे ओल्या सिमेंटला किंवा मिरवणुकीच्या आधी अशी पट्टी बांधतात, आणि ती उचलून खालून जायची असते. मी उचलली आणि गेले.

चार फुलं तोडून झाली तेव्हा समोरच्या गॅलरीतून बनियनमधले एक आजोबा ओरडू लागले. दोन्ही हातांनी टॉवेल हलवत होते. मला वाटलं, मालक. फुलं तोडताना मालक ओरडला की गुजरातीत बोलायचं, हा माझा अनुभव. त्यानं माणूस निवळतो. फुलं देवासाठी आहेत हे कळावं म्हणून मी ओरडले, "काका, भगवान माटे!" ते आणखी ओरडले. मी हात वर करून दाखवलं की बघा, फक्त चार घेतलीत. तेवढ्यात पट्टीवर लटकणारी पाटी वाऱ्यानं माझ्याकडे वळली. तिच्यावर कवटीचं चित्र होतं.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मी जागच्या जागी थिजले. डावा पाय गवतात, उजवा एका विटेवर, हातात फुलं. मग गळ्यातली शिट्टी आठवली. ती मी अशी वाजवली की गल्लीतली उरलीसुरली कबुतरंही उडाली.

सगळ्यांत आधी नवरा आला. अर्ध्या गालावर साबण. पट्टीपाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "अगं, तू आत काय करतेस?"

"फुलं तोडतेय."

त्याचा चेहरा इतका पांढरा पडला की साबण कुठे संपतो ते कळेना. त्यानं पट्टीखाली वाकायला सुरुवात केली आणि मी वर्गात ओरडायचे तशी ओरडले, "खबरदार! तिथंच थांबा!" तो थांबला. मग रस्त्यावर फतकल मारून बसला आणि रडू लागला. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्याला एवढ्या मोठ्यानं रडताना ऐकलं नव्हतं. मला त्याचा राग आला, माझा तर त्याहून जास्त आला, आणि वर डावा गुडघा दुखायला लागला.

लेक धावत आली. तिच्यामागे जाड जाकिटं आणि तोंडावर काच असलेली शिरस्त्राणं घातलेली दोन माणसं, सुरुंग शोधणारी. तिच्या पाइपलाइनी खणायच्या आधी हीच माणसं जमीन तपासतात. माझी अपेक्षा होती की ती खरडपट्टी काढेल. तिनं आवाजही चढवला नाही. "आई, हलू नकोस. ते तुझ्यापर्यंत येतायत. वेळ लागेल. पाढे म्हण."

"कितीचा?"

"एकोणतीसचा. तोच तुझा कच्चा आहे."

अपमान गिळून मी एकोणतीसचा पाढा म्हणू लागले. ती दोन माणसं जमिनीवर आडवी होऊन, यंत्र फिरवत, वीत वीत पुढे सरकत होती. एकोणतीस सत्ते मला आठवेना. रस्त्यावरून नवरा हुंदका देत म्हणाला, "दोनशे तीन!" गॅलरीतले आजोबा अजून टॉवेल धरून उभे होते. कोपऱ्यावरच्या नळाला त्याच आठवड्यात लेकीनं पाणी आणलं होतं. तिथं कॅन घेऊन आलेल्या बायांना माझ्यापायी लांबच थांबवून ठेवलेलं. एकदा त्या माणसांनी मध्येच हात वर केला. माझ्या उजव्या पायापासून हातभर अंतरावर त्यांनी एक लाल झेंडी रोवली आणि वळसा घेतला. लेकीनं त्या झेंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून हसली. "छान म्हणतेयस. पुढचा घे." मी तिसाचा घेतला, तो सोपा असतो.

तासाभरानं त्यांच्या पावलावर पाऊल टाकत मी डांबरावर आले. नवऱ्यानं माझा हात जो धरला तो दुपारपर्यंत सोडला नाही. मी आजोबांना फूल देऊ केलं. त्यांनी नको म्हणून दोन्ही हात जोडले आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

संध्याकाळी लेक आमच्या खोलीवर आली. दार लावलं आणि मग मात्र तिचा बांध फुटला. "तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं, आई? सकाळपासून मला तेच दिसतंय. माझं कामात लक्ष लागत नाही. तुला कळत का नाही, इथे राहण्यासारखं नाहीये तुझ्यासाठी! ऐक माझं. सामान भर आणि घरी चल."

मी पलंगावर बसून ऐकत राहिले. यातलं प्रत्येक वाक्य मी बडोद्याहून पाठ करून आणलं होतं, तिच्यासाठी. अडीच वर्षं रोज सकाळी मला असंच होत होतं, आणि मला वाटायचं की हे फक्त आईलाच होतं. रोज त्या झेंड्यांच्या मधून चालणारी माझी मुलगी माझ्या चार फुलांपायी एवढी घाबरली होती. ती तिथे राहत होती ती घाबरत नव्हती म्हणून नव्हे. रोज घाबरत असूनही, कोपऱ्यावरच्या त्या नळासाठी राहत होती.

"मी जाते," मी म्हटलं. "परवाचं तिकीट मिळालं तर बघ."

तिनं डोळे पुसले. "आणि छाणी?"

"तू राहा," मी म्हटलं, आणि मग मात्र मला रडू आवरलं नाही.