गडद तपकिरी

पडदा वर जातो. चिचगडचे एक अंगण, कोवळे ऊन, कडेला वाळत घातलेली मोहफुले, मधोमध बाज. बाजेवर आमच्या नाटक मंडळीचा रंगभूषाकार इतवारी, आणि त्याच्यापुढे तोंड करून बसलेला मी.

तेंदूपत्ता तोडणाऱ्या घरातला हा माणूस. पण त्याचे बोट गालावर फिरले की पानठेलेवाला राजा व्हायचा. दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे जत्रा-नाटकांच्या, हंगामात त्याने गावोगावची तोंडे रंगवली. नायकाला गुलाबी, राजाला पिवळसर, खलनायकाला गडद तपकिरी, हा त्याचा कायदा. मी जन्मभर खलनायक. माझ्या कानामागचा तपकिरी रंग दिवाळीपासून होळीपर्यंत निघत नसे.

त्या सकाळी मात्र तो मला डाव्या हाताने रंगवत होता, कारण उजव्या हाताचा भरवसा उरला नव्हता. कोपराखाली लिंबाएवढी गाठ आली होती. गोंदियाच्या डॉक्टर हेमेंद्रांनी तिचा तुकडा काढला. सूक्ष्मदर्शकातून पेशी लांबट, दोऱ्यांसारख्या दिसल्या. अशा दिसणाऱ्या गाठी अनेक जातींच्या असतात, काही साध्या तर काही जिवावरच्या. म्हणून तुकडा नागपूरला गेला. तिथे पेशींमधले एकेक प्रथिन हुडकणारी औषधे घालतात. जे प्रथिन असेल त्याच्या जागी तपकिरी रंग उमटतो. त्यावरून गाठीची जात कळते. जात वाईट निघाली तर हात काढावा लागेल, असे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते.

आदल्या सांजेला त्यांचा फोन आला. रंग चढला, सगळीकडे गडद तपकिरी, इतके ऐकू आले आणि आमच्या जंगलातले नेटवर्क गेले. इतवारीने आपल्या कायद्याने निकाल लावून टाकला. डाव्या हाताचा सराव सुरू झाला, आणि माझी एक मिशी कानाकडे निघाली. त्याची बायको लीलाबाई चहा घेऊन आली, माझ्याकडे पाहून म्हणाली, "भाऊजी, असे तोंड घेऊन गोंदियाले नोका येऊ."

तोंड धुतले आणि तिघेही एसटीने निघालो.

डॉक्टरांनी पडद्यावर गाठीच्या तुकड्याचे चित्र लावले. काठोकाठ तपकिरी. इतवारीने मान खाली घातली. डॉक्टर समजावत होते की हा रंग ज्यावर चढला ते प्रथिन नसांच्या, म्हणजे मज्जातंतूंच्या, आवरणातले. घातक गाठीत हा रंग बहुधा फिका, तुटक असतो किंवा चढतच नाही. इथे तो प्रत्येक पेशीत भरला आहे. ज्या दुसऱ्या रंगांची धास्ती होती ते उमटलेच नाहीत. गाठ साधी आहे, नसेवरून अलगद सोडवू, हात शाबूत राहील.

लीलाबाईने पदर डोळ्यांना लावला. इतवारी उठून पडद्याजवळ गेला आणि पारखी नजरेने बराच वेळ तो रंग बघत राहिला.

"डॉक्टरसाहेब," तो गाठीच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "एवढा भला माणूस हाये, अन् त्याले खलनायकाचा रंग कायले लावून राह्यले तुमी?"