चार पत्त्यांचा डाव आणि आमचे सासरे

विधात्यानं कसलीही पानं वाटली असती तरी आमच्या सासऱ्यांनी ती टाकली नसती. टाकण्यासारखं काही या जगात असतं, हेच त्यांना उभ्या आयुष्यात कबूल नव्हतं. ते अकोल्यात वकिली करत. इतर वकील आधी खटला बघत आणि मग घेत. हे आधी घेत, मग बघत, आणि बघितल्यावर जास्तच खूश होत. पातूरहून एकदा एक गृहस्थ आला. शेजाऱ्याच्या शेतातलं चिंचेचं झाड आपलं आहे, कारण त्याची सावली आपल्या शेतात पडते, एवढाच त्याचा दावा. गावातल्या बाकी वकिलांनी त्याला जिन्यावरूनच परत पाठवलं होतं. सासऱ्यांनी त्याला बसवलं, चहा पाजला आणि म्हणाले, "सावलीत दम आहे." खटला उडाला तो उडालाच. अशील मात्र दर वर्षी पोतंभर चिंचा पाठवत राहिला, बहुतेक त्याच झाडाच्या, आणि आमच्या रविवारच्या पत्त्यांना चिंचोक्यांचा तोटा कधी पडला नाही.

मी मूळचा अमरावतीचा. लग्नानंतर अकोल्याच्या शाळेत गणित शिकवायला लागलो आणि रविवारची दुपार सासुरवाडीला जायला लागली. तेव्हा नवे पैसे नुकतेच बाजारात आले होते. पण डावात पैसा लावायला, मग तो नवा असो की जुना, सासूबाईंची बंदी होती. खेळणारे चौघं : सासरे, सासूबाई, मी, आणि शेजारी युनानी औषधांचं दुकान असलेले हकीमसाहेब. प्रत्येकाला चार पत्ते मिळायचे. त्यातलं एक सोडून उरलेल्या तिनांवर खेळायचं. तीन सारखी पानं सगळ्यांत मोठी. पानं वाईट असली तर सुरुवातीलाच एक चिंचोका देऊन मोकळं व्हायचं, नाहीतर 'चाल' म्हणून चिंचोके लावत राहायचं. या खेळातलं निम्मं शहाणपण त्या पहिल्या नजरेत असतं. सासूबाईंकडे ते उपजत होतं. दहातले आठ डाव त्या पानं खाली ठेवून कोथिंबीर निवडत बसत आणि उरलेल्या दोनांत आम्हाला धुऊन काढत. सासरे मात्र प्रत्येक डाव खेळत. दुर्री, सत्ती, नव्वी आणि एक एकटी विधवेसारखी राणी हातात घेऊन हा माणूस शेवटच्या चिंचोक्यापर्यंत चाल करायचा.

मी त्यांना सुधारायचं ठरवलं. शाळेतली मठ्ठातली मठ्ठ पोरं मी त्रैराशिकाच्या पार नेली होती. पण इथं माझी विद्या हरली. "बाबा, चारांतल्या तीन पानांचं तरी एकमेकांशी काहीतरी नातं पाहिजे," मी सांगायचो.

"नातं काय, लावलं की लागते," सासरे म्हणायचे. "तुमचं-आमचं काय नातं होतं, जावईबापू?"

"पण हरता ना तुम्ही!"

"हरतो. पण बसून तर नाही राहत."

मी उदाहरणं दिली, पानं मांडून दाखवली, शेवटी हात जोडले. ते सगळं मन लावून ऐकत, मान डोलवत, आणि पुढच्याच डावाला दुर्रीवर चाल करत. हकीमसाहेब मला म्हणाले, "मास्टरसाब, इस मर्ज की दवा हमारे दुकान में नहीं."

आणि एका दिवाळीनंतर सासरे अचानक सुधारले. पानं उचलायची, डोळ्यांजवळ न्यायची आणि हळूच खाली ठेवायची. "नाही बाप्पा, जाऊ द्या." एक डाव, दुसरा डाव, अख्खी दुपार. मी घरी येऊन बायकोला सांगितलं की, तुझ्या वडिलांना अखेर अक्कल आली. कोर्टातही म्हणे ते भारदस्त झाले होते. मोठमोठ्या लोकांना ओळख न देता पुढे जात. लोक म्हणाले, वकीलसाहेबांना उतारवयात बाणा आला.

मग एका रविवारी त्यांनी टाकलेली पानं गोळा करताना सासूबाईंचा हात थांबला. त्यात तीन राजे होते.

"काहो, काय होतं तुमच्या हातात?"

"काही नव्हतं. फालतू."

सासूबाईंनी त्यातलं एक पान त्यांच्यासमोर धरलं. "हे कोणतं होय?"

सासरे बघत राहिले. "उजेड चमकून राहिला," ते म्हणाले. सासूबाई उठल्या, खिडकी लावली आणि पान पुन्हा धरलं. त्यांनी ते घ्यायला हात पुढे केला, तो पानाच्या बाजूनं गेला.

"कब से, वकीलसाहब?" हकीमसाहेबांनी विचारलं.

"पोळ्यापासून. डावा तर त्याच्याही आधी गेला." आणि मग आमच्यावरच चिडून, "आता काय, चार लोकांत आंधळा म्हणून सांगू?"

मी त्यांना अमरावतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. उरलेली नजरही जाईल, गेलेली येणार नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. परतीला बडनेऱ्याहून गाडीत बसलो, तर सासऱ्यांनी हट्टानं खिडकी मागून घेतली. सगळा वेळ बाहेर तोंड करून बसले होते. मूर्तिजापूर मागे पडल्यावर बऱ्याच वेळानं म्हणाले, "मूर्तिजापूर आलं की सांगा." मी म्हटलं, "सांगतो."

वकिली सुटली. काळा कोट सासूबाईंनी पेटीत ठेवून दिला. सासरे दिवसभर खाटेवर पडून असत. कोणी आलं तर झोपल्याचं सोंग घेत, आणि ते सोंग आहे हे आम्हा सगळ्यांना कळे. पत्त्यांचं नावही कोणी काढेना. हा माणूस आता उठत नाही, असं मी मनातून धरूनच चाललो होतो.

उन्हाळ्यात एका रविवारी हकीमसाहेब न विचारता आत आले आणि सतरंजीवर बसले. "भाभी, पत्ते बाँटो. वकीलसाहब को तुम पढ़ के सुनाओ." सासरे आधी त्यांच्या अंगावर खेकसले. मग कुरकुरत उठले. सासूबाई त्यांच्या कानाशी लागून पानं सांगू लागल्या. पण हळू बोलणं त्यांच्या माहेरी कोणाला येत नव्हतं. त्यांचं कुजबुजणं रस्त्यावरच्या टांगेवाल्याला ऐकू जाई. सासऱ्यांची पानं आम्हाला आमच्या पानांच्या आधी कळत. तरी ते प्रत्येक डाव खेळले आणि सगळे हरले.

दुपार कलताना सासूबाईंनी पुन्हा कानाशी तोंड नेलं. "बदामचा एक्का. किलवरचा एक्का. चौकटचा एक्का. अन् एक पंजी."

"चाल," सासरे म्हणाले.

हकीमसाहेबांनी आपल्या पानांकडे पाहिलंसुद्धा नाही. "चाल." माझ्या हातात एकमेकांना न ओळखणारी चार पानं होती. मी चाल केली. सासूबाईंनीही पदर सावरला आणि चिंचोका टाकला. पुन्हा एक फेरी, पुन्हा एक. मधला ढीग वाढत गेला, आमच्या वाट्या रिकाम्या झाल्या, तेव्हा सासऱ्यांनी पानं उलटी केली.

दोन्ही हातांनी चाचपत त्यांनी चिंचोके ओढून घेतले. काही घरंगळले, ते सतरंजीवर शोधले. मग मान वर करून म्हणाले, "जावईबापू, आज तुमी सगळेच लय खराब खेळून राहिले."

सासूबाई पत्ते पिसत राहिल्या, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ.