साहेबांचं गाळलेलं वाक्य

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि जिला सांगायला हवं ती साळूआक्का कुंभारवाड्याच्या पलीकडे, जंगलातल्या एका वाडीत राहते. तिचा माझ्यावर इतका विश्वास आहे की सांगायची सोयच उरली नाही – निदान मी तसं स्वतःला बजावतो.

मी कर्नाटकातल्या रामनगरचा, निवृत्त शिक्षक. माझं पेन्शन न मागता बँकेत येतं, त्यामुळे सरकारची टवाळी मला परवडते. चार वर्षांपूर्वी एक साहेब कुंभारवाड्याला आले – म्हातारपणाच्या पगारात, म्हणजे वृद्धांच्या सरकारी पेन्शनमध्ये, आणि औषधोपचारात 'आमूलाग्र सुधारणा' झाल्याचं सांगायला. दोन तास उशिरा. ज्यांच्यासाठी सभा ती माणसं उन्हात, आणि शाल, हार, फळांची करंडी साहेबांना. त्यांची कन्नड कागदावरची. बाजारापुरती कन्नड येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावरून जाणारी. म्हणून दुभाष्या मी.

साहेब बराच वेळ बोलले. पुढच्या रांगेतून साळूआक्का ओरडली, "काय म्हणतंय ओ मास्तर ते?"

"तुमी समदी म्हातारी झालासा, हे सरकारला कळलंय म्हणतंय. आता जेवून घ्या!"

सगळं पटांगण हसलं. भाषण आवडलं असं समजून साहेबही हसले. साळूआक्का तर डोळे पुसपुसून हसली. डोळे – हो, तेव्हा तिला दिसत होतं.

त्या भाषणात कामाचं वाक्य एकच होतं. महिनाअखेरपर्यंत जोयड्याला, तालुक्याच्या कचेरीत येऊन अंगठा पुन्हा नोंदवा, नाहीतर पगार थांबेल. ते मी नीट ऐकलं होतं. हशा ओसरला की सांगू, असं ठरवलंही होतं. पण आपल्यामुळे पिकलेला हशा ओसरावा असं कुणाला वाटतं का? तेवढ्यात पत्रावळ्या मांडल्या गेल्या. परतीच्या बसमध्ये आठवलं. उतरता आलं असतं – पण मग शेवटची बस चुकली असती. सांगेल की पंचायतीचं कुणीतरी, असं म्हणून मी खिडकीला डोकं टेकलं.

बाकीच्यांना त्यांच्या मुलांनी कुठूनसं कळून वेळेत नेलं. साळूआक्काला मुलं नाहीत. पगार थांबला. त्यातून ती काचबिंदूचे थेंब आणवत असे, तेही थांबले. मला कळलं तोवर पावसाळा उलटला होता.

मग मी काय केलं? बेळगावच्या एका वर्तमानपत्रात झणझणीत पत्र लिहिलं. जिवंत आहोत हे दाखवायला म्हाताऱ्यांना डोंगर उतरायला लावायचं, आणि न कळवता पगार तोडायचा – ही कसली सुधारणा? 'न कळवता' लिहिताना माझं पेन अडलं असेल, असं वाटतं तुम्हाला? नाही. अक्षर छान आलं होतं. पत्रातलं बाकी सगळं आजही मला पटतं. फक्त कळवायचं काम माझं होतं.

पत्र छापून आलं, पगार पुन्हा सुरू झाला. गेलेली नजर परत आली नाही. साळूआक्का भेटेल त्याला सांगते – मास्तर होते म्हणून पगार मिळाला.

गेल्या महिन्यात पुन्हा सभा झाली. नवे साहेब, नवी सुधारणा, करंडी तशीच. या वेळी मी शब्द न् शब्द सांगितला, दोनदा. साळूआक्का शेजारणीचा हात धरून आली होती. माझ्या थोडं बाजूला तोंड करून म्हणाली, "आज मजा न्हाई आली बगा, मास्तर. त्या दिसाचं सांगा की."

मग तिनंच सांगितलं – अगदी माझ्या सुरात. सगळे हसले.

मीही हसलो.